‘लहानपणापासून आवड आहे’ याला पुरावा काय?

परदेशी विद्यापीठाचा अर्ज वाचणारा माणूस तुम्हाला ओळखत नाही. तुमचं कॉलेज कुठल्या गावात आहे, तिथली प्रयोगशाळा चारला बंद होते की आठला, तुमच्या विभागात डिस्टिंक्शन मिळवायला किती घाम गाळावा लागतो, यातलं त्याला काही ठाऊक नसतं. समोर तुमचा मजकूर असतो आणि पुढचा अर्ज रांगेत असतो. त्याला ‘मी मेहनती, जिज्ञासू आणि नेतृत्वगुण असलेला विद्यार्थी आहे’ हे सांगून काय साधणार? आधीच्या अर्जातही हेच होतं.

जागा तर मोजकीच. अमेरिकेतल्या पदवीसाठी कॉमन ॲप या सामाईक अर्जातला मुख्य निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा. ब्रिटनच्या यूकॅस या सामाईक अर्जव्यवस्थेत मोकळ्या जागा धरून ४,००० कॅरॅक्टर, आणि २०२६च्या प्रवेशापासून तेही तीन प्रश्नांत वाटलेले. कॅलिफोर्निया विद्यापीठ आठ प्रश्नांपैकी चार निवडायला सांगतं, प्रत्येकी ३५० शब्द. यात विशेषणं परवडत नाहीत.

आपल्याकडे आणखी एक अडचण असते. स्वतःबद्दल चांगलं बोलू नये, हे घरातच अंगवळणी पडलेलं असतं. म्हणून पहिला मसुदा मुका होतो, आणि कन्सल्टंटचा हात फिरला की तोच मसुदा ढोल बडवू लागतो. काय केलं, किती केलं, त्यातून काय निघालं हे सरळ सांगितलं, तर यातलं काहीच करावं लागत नाही. तारीफ करायची की नाही ते वाचणारा ठरवतो. पुढच्या सूचना त्यासाठी आहेत. नमुन्याची वाक्यं रचलेली आहेत. ती उचलून आपल्या अर्जात घालू नयेत.

काय करावे

आधी पुरावा गोळा करा, निबंध नंतर. एक वही घ्या आणि प्रत्येक कामापुढे लिहा: कधी, किती वेळ, कोणाबरोबर, काय बिघडलं, मग काय बदललं, आणि याचा कागद कुठे आहे. लॅबचं जर्नल, गिटहबवरच्या नोंदी, शिबिराचे फोटो, पासबुक, सगळं उपसा. प्रोजेक्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये शोध घेतलात तर ‘मोटर जळाली’ हा निरोप नेमका कोणत्या तारखेला, रात्री किती वाजता गेला तेही सापडतं. केवळ आठवणीवर लिहिलं की सगळं ‘अनेक’ आणि ‘विविध’ होऊन जातं.

प्रत्येक दाव्याला ‘कशावरून?’ विचारा. उत्तर नसेल तर दावा खोडा. समजा, सोलापूरकडची एक मुलगी जलव्यवस्थापनाच्या एमएससाठी अर्ज करते आहे. तिचं पहिलं वाक्य: ‘दुष्काळी भागात वाढल्यामुळे पाण्याचं महत्त्व मला लहानपणीच कळलं.’ कशावरून? दुष्काळी भागात लाखो माणसं वाढतात. तिला खोदून विचारलं, तर कळतं की बारावीनंतरच्या सुट्टीत ती दर रविवारी दोरीला गाठी मारून घरच्या विहिरीची पातळी मोजत होती; शेजारच्या शेतात नवं बोअर पडल्यावर पातळी उतरण्याचा वेग वाढल्यासारखा तिला वाटला; आणि दोन्हींचा खरंच संबंध आहे की तो नुसता उन्हाचा परिणाम, हे तिला ठरवता आलं नाही. बस, हाच निबंध. विहीर, दोरी, गाठी आणि न सुटलेला प्रश्न. ‘महत्त्व कळलं’ हे वाक्य मग लागतच नाही, आणि भूजलशास्त्र का शिकायचंय हे वेगळं सांगावं लागत नाही.

आकड्याला त्याचा पाया जोडा. कॉम्प्युटर आणि आयटीच्या मुलांचा हा नेहमीचा घोटाळा. ‘आमच्या मॉडेलची अचूकता ९४ टक्के आली.’ वाचणारा प्राध्यापक लगेच विचारतो, कशाच्या तुलनेत? शंभरातली ९४ पानं मुळात निरोगीच असतील, तर प्रत्येक पानाला डोळे मिटून ‘निरोगी’ म्हणणारा प्रोग्रामही ९४ टक्के बरोबर ठरतो.

पानांवरचा रोग ओळखणं हा आपल्याकडचा लाडका फायनल इयर प्रोजेक्ट. त्यासाठी बरेच जण प्लांटव्हिलेज हा तयार चित्रसंच घेतात. त्यात ५४ हजारांवर छायाचित्रं आहेत. २०१६ साली मोहंती, ह्यूजेस आणि सालाथे यांनी याच संचावर शिकवलेल्या मॉडेलची अचूकता ९९.३५ टक्के नोंदवली. मात्र वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या, बाहेरच्या छायाचित्रांवर तेच मॉडेल चालवलं तेव्हा आकडा जेमतेम ३१ टक्क्यांवर आला, आणि हेही त्यांनी त्याच शोधनिबंधात लिहून ठेवलं. तुमच्या एसओपीत (स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये) तुम्ही नुसतं ‘९७ टक्के’ लिहिलंत, तर तुम्हाला हा प्रश्न माहीतच नाही असं दिसतं. ‘संचातल्या चित्रांवर ९७, आमच्या द्राक्षबागेत मोबाइलवर काढलेल्या ६० फोटोंवर ४१, सावली आणि मागची माती यांनी मॉडेल फसत होतं असा माझा अंदाज’ असं लिहिलंत, तर संशोधन करू शकणारा विद्यार्थी दिसतो. पडलेला आकडा लपवू नका. बहुतेक वेळा तोच सगळ्यात बोलका असतो.

टक्क्यांचंही असंच. ‘क्लबची सदस्यसंख्या ३०० टक्क्यांनी वाढवली’ म्हणजे दोनाचे आठ झाले असतील, तर ‘दोनाचे आठ’ लिहा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

‘आम्ही’मधला ‘मी’ वेगळा काढा. बाहा स्पर्धेची गाडी पंचवीस जणांनी बनवली, हे वाचणाऱ्याला ठाऊकच असतं. तुमचा हात कुठे लागला ते त्याला हवं असतं. ‘आमच्या टीमने ऑल-टेरेन गाडी तयार केली’ याऐवजी: ‘ब्रेकचं काम माझ्याकडे होतं. चाचणीत चारही चाकं एकदम लॉक व्हावी लागतात. पहिल्या वेळी मागचं डावं झालं नाही. मास्टर सिलिंडर बदलायचा सगळ्यांचा आग्रह होता. मी आधी लाइन पुन्हा ब्लीड केली, हवा निघाली, आणि सिलिंडरचे पैसे वाचले.’ टीमचं श्रेय यात कुठेही हिरावून घेतलेलं नाही. उलट इतका नेमका वाटा सांगणाऱ्यावर विश्वास बसतो.

घरचं काम मोजा. इंटर्नशिप नाही, ऑलिंपियाड नाही, म्हणून लिहायला काही नाही, असं म्हणणारी मुलं पहाटे साडेपाचला संकलन केंद्रावर दूध घालून कॉलेजला आलेली असतात. कॉमन ॲपच्या उपक्रमांच्या यादीत कौटुंबिक जबाबदाऱ्यांचा आणि पगारी कामाचा वेगळा प्रकार दिलेला आहे, तो उगाच नव्हे. आजोबांची शुश्रूषा, भाजीच्या गाडीवरचा हिशेब, धाकट्या भावंडांचा अभ्यास, हे सगळं तिथे बसतं. आठवड्याला किती तास आणि वर्षाचे किती आठवडे, हे रकानेही तयार आहेत.

यात शोधणाऱ्याला खजिना सापडतो. दूध डेअरीची पावती घ्या: लिटर, फॅट, एसएनएफ, दर. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून जाहीर होतो, पुढे कमी-जास्त होतो. समजा, एखाद्या मुलाने वर्षभराच्या पावत्या एक्सेलमध्ये भरल्या आणि त्याला दिसलं, की संध्याकाळच्या दुधाचं फॅट सकाळपेक्षा सतत थोडं जास्त लागतं. आधी त्याला यंत्रावर संशय आला. मग वाचल्यावर कळलं, की दोन धारांमधलं अंतर कमी असलं की फॅट वाढतं, आणि त्यांच्याकडे सकाळ ते संध्याकाळ हे अंतर रात्रीपेक्षा कमी होतं. संख्याशास्त्राच्या पदवीला अर्ज करणाऱ्याकडे यापेक्षा सरस काय असणार? आकडेवारी स्वतःची, प्रश्न स्वतःचा, पहिला तर्क चुकलेला, दुसरा तपासलेला. शहरातल्या महागड्या उन्हाळी कोर्सचं प्रमाणपत्र यापुढे फिकं पडतं, निदान माझ्या मते.

पुराव्यापाठोपाठ निर्णय लिहा. नुसती घटना अर्धीच असते. ‘एनएसएसच्या शिबिरात वनराई बंधारा बांधला’ हे हजारो जण लिहू शकतात. ‘पहिल्या दिवशी ओढ्याच्या रुंद भागात गोण्या रचायला घेतल्या. गावातल्या एका आजोबांनी वरच्या अंगाला खडक कुठे उघडा आहे ते दाखवलं. गटात वाद झाला. मी जागा बदलायच्या बाजूने बोललो. ४० गोण्या पुन्हा उचलाव्या लागल्या. जानेवारीत परत गेलो तेव्हा पाणी होतं, पण एका कडेने गळत होतं.’ हा मुलगा ऐकतो, बाजू घेतो, आणि शिबिर संपल्यावर परत जाऊन बघतो. यातलं एकही त्याने स्वतःच्या तोंडाने म्हटलेलं नाही.

पुस्तकाचं नाव घेतलंत, तर त्याच्याशी भांडा. ऑक्सफर्ड-केंब्रिजसाठी हे फार महत्त्वाचं, कारण १५ ऑक्टोबरला अर्ज गेला की पुढे डिसेंबरात मुलाखत असते आणि अर्जात उल्लेख केलेल्या कुठल्याही पुस्तकावर तिथे विचारू शकतात. अर्थशास्त्राच्या अर्जांत बॅनर्जी-डफ्लो यांचं ‘पुअर इकॉनॉमिक्स’ हमखास सापडतं. ते वाचलं एवढं लिहून काहीच सिद्ध होत नाही. कुठला युक्तिवाद पटला नाही आणि का, हे दोन वाक्यांत लिहिता आलं पाहिजे.

इथे मराठी वाचणाऱ्याची बाजू वरचढ आहे आणि ती फारसं कोणी वापरत नाही. इतिहासाला अर्ज करताय आणि जोतीराव फुल्यांचा १८८३चा ‘शेतकऱ्याचा असूड’ मुळातून वाचलाय? लिहा. शेतसाऱ्याबद्दलचं त्यांचं म्हणणं तुमच्या घरातल्या जुन्या सातबाऱ्याशेजारी ठेवून पाहिलंत? नक्की लिहा. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी शिकला असाल, तर ‘मोडी येते’ एवढ्यावर थांबू नका. कुठला कागद वाचलात, कुठला शब्द लागला नाही आणि तो शेवटी कसा लागला, ते सांगा.

एक जुना अर्ज डोळ्यांसमोर ठेवा. २८ जून १८८३. अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी न्यू जर्सीतल्या रोझेल इथे कार्पेंटर नावाच्या एका अमेरिकन बाईंच्या घरी उतरल्या होत्या. तिथून त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजच्या आल्फ्रेड जोन्स यांना प्रवेशासाठी पत्र लिहिलं. त्या पत्राची बांधणी आजही शिकण्यासारखी आहे. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पुऱ्या करत नसू, हे त्या आधीच मान्य करतात. आपलं प्रकरण वेगळं आहे असं सांगतात. प्रकृती चांगली असल्याचं नमूद करतात. आपल्या निर्धाराला त्या पुरावा देतात तो असा: मित्रमंडळी आणि जात या दोघांचाही विरोध असताना तो आपल्याला इथवर घेऊन आला. मग गरज सांगतात: पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशातल्या बायका. मानवतेचा आवाज आपल्या बाजूने आहे, हे भावनेचं वाक्य येतं ते यानंतर.

भावना पत्रात आहेच. पण तिच्याआधी वाचणाऱ्याच्या हातात चार ठोस गोष्टी पडलेल्या असतात, आणि त्यातली एक स्वतःच्या विरुद्ध जाणारी असते. प्रवेश मिळाला, १८८६च्या मार्चमध्ये त्या एमडी झाल्या. आजचा एखादा एसओपी सुधारक हे पत्र हातात घेता, तर पहिल्याच फटक्यात अटी पुऱ्या न करण्याचं वाक्य उडवता.

कुठल्या अर्जाला कुठला पुरावा लागतो ते ओळखा. एकच मजकूर चार देशांना पाठवण्याचा हट्ट सोडा. यूकॅसमध्ये विषयच राजा: हा अभ्यासक्रम का, शिक्षणातून काय तयारी झाली, शिक्षणाबाहेर काय केलं. शिवाय तेच निवेदन पाचही विद्यापीठांना जातं, म्हणून त्यात एकाच विद्यापीठाची स्तुती केलीत तर बाकीचे चार वाचणार आहेत. अमेरिकन पदवीच्या निबंधाला तुमच्यातला माणूस हवा असतो, तिथे विहीर आणि दूध दोन्ही चालतं. एमएस-पीएचडीच्या एसओपीत मात्र विहिरीला एक परिच्छेद पुरे. बाकी जागा प्रोजेक्ट, पद्धत, निकाल आणि पुढचा प्रश्न यांची. चिव्हनिंगसारखी शिष्यवृत्ती नेतृत्वावर वेगळा निबंध मागते आणि कामाचा अनुभव तासांत मोजते, किमान २,८०० तास. तिथे ‘नेतृत्व’ म्हणजे गॅदरिंगचं सूत्रसंचालन समजू नका. कोणाचं मत बदललं, कुठला निर्णय तुमच्यामुळे झाला, ते शोधा.

एटीकेटी असेल तर दोन वाक्यांत सांगा. काय झालं, कधी झालं, नंतर काय केलं. ‘तिसऱ्या सत्रात वडिलांच्या अपघातामुळे गणितात एटीकेटी, चौथ्या सत्रात सोडवली, पाचव्या आणि सहाव्या सत्रांत त्याच गणितावर बेतलेल्या विषयांत ए ग्रेड.’ तिसरं वाक्य लिहिलंत की ती सबब होते. ज्या अर्जात जादा माहितीची वेगळी जागा आहे, तिथे हे टाका, निबंधात नको.

शिफारसपत्र देणाऱ्या सरांना आठवण द्या. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ हे आपल्याकडे सर्रास चालतं. शक्य तितकं टाळा: निबंध आणि पत्र एकाच हातचं असलं की वाक्यरचनेवरून कळतं. त्याऐवजी सरांना किंवा मॅडमना पानभर मुद्दे द्या: कुठला सेमिनार, कुठला प्रश्न तुम्ही वर्गात विचारला होता, प्रोजेक्ट कुठे अडला होता. तुम्ही लिहिलेली गोष्ट त्यांच्या नजरेतून दुसऱ्यांदा आली, की ती पक्की होते.

काय टाळावे

उसनी गोष्ट. २००७ साली यूकॅसने सुमारे ५०,००० निवेदनं एकमेकांशी ताडून पाहिली. त्यात २३४ अर्जदारांनी आठव्या वर्षी रसायनांच्या खेळण्याशी खेळताना आपल्या पायजम्याला भोक पाडलं होतं. इतकी पोरं, एकच वय, एकच पायजमा. नेटवरच्या एका नमुन्यातून तो सगळीकडे पोचला होता. ही ताडणी आजही होते. आपल्याकडचे पायजमे वेगळे: उघडून पाहिलेला रेडिओ, वडिलांनी आणलेला पहिला कॉम्प्युटर, छतावरून दिसलेले तारे. तुमचा रेडिओ खरा असेल तर त्याचा मेक आणि आतून निखळलेली तार लिहा, नाहीतर तो बंदच ठेवा.

प्रमाणपत्रांची माळ. एनएसएसचे दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर, हा नियम सगळ्यांनाच. ते पूर्ण केल्याचा कागद हजेरी सांगतो, पुढे काही नाही. कॉमन ॲपमध्ये दहा उपक्रमांची जागा आहे म्हणून दहाच्या दहा भरायचा अट्टहास नको. एमआयटी आपल्या अर्जात फक्त चार मागते. आणि प्रत्येक उपक्रमाच्या वर्णनाला कॉमन ॲप देतं १५० कॅरॅक्टर, तिथे ‘सक्रिय सहभाग घेतला’ लिहून ते वाया घालवू नका.

गोल, गुबगुबीत आकडे. ‘हजारो लोकांच्या जीवनात परिवर्तन घडवलं.’ सतराव्या वर्षी? ३२ मुलांना दर शनिवारी अपूर्णांक शिकवले असतील, तर ३२च लिहा, आणि अकरा मुलं मध्येच सोडून गेली असतील तर तेही. अंदाज असेल तर ‘अंदाजे’ म्हणा.

गुणपत्रिकेची उजळणी. सीजीपीए, जीआरई, आयईएल्ट्स अर्जात दुसरीकडे भरलेलेच असतात.

दुःखाचं भांडवल. हे लिहिताना हात जड होतो, पण लिहायला हवं. घरातला मृत्यू, कर्ज, नापिकी हे निबंधात येऊ शकतं, यायलाही हवं, जर त्याने तुमचा रस्ता खरोखर वळवला असेल. पण वाचणाऱ्याने हळहळावं म्हणून मांडलेलं दुःख तुमच्याबद्दल काहीच सांगत नाही. त्यानंतर तुम्ही काय हाती घेतलंत, ते सांगतं. हिशेबाची वही कोणी उघडली, सोसायटीत कोण गेलं, शाळा कशी सुरू ठेवली? तीन वाक्यं दुःखाला, बाकी कृतीला. आणि सांगावंसं वाटत नसेल तर सांगू नका. कुठलाही अर्ज ते मागत नाही.

विद्यापीठाला त्याचीच जाहिरात ऐकवणं. ‘आपल्या जगप्रसिद्ध संस्थेचं अत्याधुनिक वातावरण आणि नामवंत प्राध्यापक.’ हे त्यांच्याच वेबसाइटवरून उचललेलं असतं आणि नाव बदललं की दुसऱ्यालाही चालतं. काही महाभाग तर नाव बदलायलाही विसरतात. एखाद्या प्राध्यापकाचा उल्लेख करायचा तर त्यांचा एक तरी शोधनिबंध वाचा, त्यातला एक प्रश्न तुमच्या कामाशी कुठे जुळतो ते लिहा, आणि त्या बाई किंवा ते गृहस्थ अजून तिथेच शिकवतात ना, हे तपासा.

थोरांची वचनं. कलाम, आइनस्टाइन, स्टीव्ह जॉब्ज यांना प्रवेश नकोय.

दुसऱ्याची गुपितं. रुग्णालयात निरीक्षणाला बसला असाल तर रुग्णाचं नाव, गाव, ओळखू येईल असा कुठलाही तपशील नको. ‘मधुमेहाने पाय गमावण्याची वेळ आलेला एक रिक्षाचालक’ एवढं पुरे; तोही लहान गावातला असेल तर व्यवसाय बदलून टाकू नका, गाळून टाका. कंपनीतल्या इंटर्नशिपचे आतले आकडे देण्याआधी तिथल्या साहेबांना विचारा.

पुरावा बनवणं. २०१९ साली अमेरिकेत उघडकीला आलेल्या प्रवेश घोटाळ्यात पालकांनी एका सल्लागाराला पैसे चारून मुलांच्या खेळाडू म्हणून खोट्या ओळखी उभ्या केल्या होत्या. काहींचे चेहरे तर खऱ्या खेळाडूंच्या फोटोंवर चिकटवले होते. काही पालक तुरुंगात गेले. २०२४ साली पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठातल्या एका भारतीय विद्यार्थ्याला बाहेर काढून भारतात परत पाठवण्यात आलं. गुणपत्रिका बनावट होती, आणि जिवंत असलेल्या वडिलांच्या मृत्यूचा दाखलाही. ही टोकाची उदाहरणं झाली. रोजचं खोटं फार साधं असतं: कोषाध्यक्षाचा ‘संस्थापक’ होतो, तीन आठवड्यांची इंटर्नशिप तीन महिन्यांची होते, शोधनिबंध ‘पाठवला’ असतो तो ‘प्रकाशित’ होतो. कॅलिफोर्निया विद्यापीठ काही अर्जदार निवडून त्यांच्याकडे उपक्रमांचा, पुरस्कारांचा कागद मागतं. मागितला नाही तरी शिफारसपत्रातल्या एका वाक्याने फुगा फुटू शकतो.

चॅटबॉटकडून अनुभव लिहून घेणं. कॉमन ॲपने २०२३मध्ये आपल्या फसवणुकीच्या नियमात यंत्राने लिहिलेला मजकूर स्वतःचा म्हणून देण्याचा समावेश केला. यूकॅसही निवेदनाचा मोठा भाग असा लिहून घेणं ही फसवणूक ठरू शकते असं बजावतं. नियम बाजूला ठेवले तरी व्यवहार पाहा: यंत्राला तुमच्या दोरीच्या गाठी माहीत नाहीत. ते गुळगुळीत, कोणालाही बसेल असं लिहितं, किंवा तपशील मनाने घालतं, आणि मग मुलाखतीत तुम्हाला न घडलेल्या घटनेची उलटतपासणी द्यावी लागते. शुद्धलेखन तपासून घ्या, हरकत नाही.

हे शब्द दिसले की थांबा: पॅशनेट, डायनॅमिक, इनोव्हेटिव्ह, होलिस्टिक, इम्पॅक्ट, लीडरशिप स्किल्स, लहानपणापासून, नेहमीच, अनेक, विविध. प्रत्येकाच्या जागी तारीख, आकडा, नाव किंवा क्रियापद बसतं का पाहा. बसलं नाही तर ते वाक्य गेलं तरी निबंधाला काही होत नाही.

पाठवण्याआधी

मसुदा अशा माणसाला वाचायला द्या, ज्याला तुमचा विषय येत नाही. आई चालेल, शेजारचे काका चालतील. इंग्रजी अडत असेल तर मराठीत तोंडी सांगा. त्यांनी ‘म्हणजे नक्की काय केलंस?’ असं जिथे विचारलं, तिथे खूण करा. तिथला पुरावा तोकडा आहे. जिथे त्यांनी ‘मग पुढे?’ विचारलं, तो भाग वाढवा. पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि हजारो रुपये घेणाऱ्या ‘प्रोफाइल बिल्डिंग’पेक्षा सरस.

नंतर निबंधातला प्रत्येक आकडा, तारीख आणि पद यांवर पेन्सिलीने खूण करत जा आणि वहीतल्या नोंदीशी जुळवा. तोच आकडा बायोडेटात, अर्जाच्या रकान्यात आणि शिफारसपत्रात वेगळा पडलेला नाही ना, हे बघा. ३२ मुलं एका ठिकाणी ३५ झाली तर मूळ खरं असूनही संशय येतो. सगळ्या कागदांच्या स्कॅन केलेल्या प्रती एका फोल्डरमध्ये ठेवा, फोल्डरला विद्यापीठाचं नाव आणि शेवटची तारीख द्या, आणि निकाल हातात येईपर्यंत त्यातलं काही पुसू नका.